रुमालाखालचा हात

आमच्या मंडळीत दरवर्षी बाप्तिस्म्याच्या रविवारी एक गोष्ट सांगतात. गोष्टीत वाचा गेलेला एक म्हातारा असतो आणि म्हातारा बैल तरणा म्हणून खपवणारा त्याचा एक खोटारडा दलाल मुलगा असतो. म्हातारा त्याला सगळं मोफत माफ करतो, मुलगा रडतो, आणि मंडळी गीत म्हणायला उभी राहते. नाव कुणी घेत नाही. पण 'दलाल' हा शब्द आला की पुढच्या तीन बाकांवरच्या माना मागे वळतात आणि माझ्यावर येऊन थांबतात. इतकी वर्षं मी ते सोसलं. आता नाताळ अंकासाठी धंद्यातल्या आठवणी लिहून द्या म्हणून निरोप आला आहे, तर मी हीच लिहितो. म्हातारा माझा बाप होता आणि गोष्ट चुकीची सांगितली जाते.

आधी धंदा काय ते सांगतो, कारण मंडळीतल्या शिकलेल्या पोरांना आता बैलाचं तोंड कुठून उघडतात तेही ठाऊक नाही.

मी हेडी होतो, म्हणजे जनावरांची खरेदी-विक्री करणारा. स्वतःचीही जनावरं विकली आणि दुसऱ्यांची दलालीही केली. निजामाचं राज्य होतं. आमचं गाव परभणीजवळचं, पण आठवडा सगळा रस्त्यावर जायचा. आज ताडकळस, मग गंगाखेड, मग जिथं बाजार भरेल तिथं. लाल कंधारी बैल ही माझी खासियत. घेणारा आणि देणारा मोठ्यानं भाव बोलत नसत. दोघं उजवे हात एकमेकांत घालत, वरून रुमाल टाकत आणि बोटांनी बोलत. एक बोट धरलं तर एक, चार धरली तर चार, सगळा पंजा धरला तर पाच. चेहरा मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा मारत असल्यासारखा. पटलं की मूठ दाबायची. नाही पटलं की हात बाहेर काढायचा. मूठ दाबली की सौदा झाला. कागद नाही, साक्षीदार नाही. कचेरीत स्टँपावर लिहून दिलेलं मोडलेलं मी पुष्कळ पाहिलं. हातावर दिलेलं मोडणारा माणूस पुढच्या बाजाराला तोंड दाखवू शकत नसे.

अजून एक रीत होती, ती ध्यानात ठेवा. ज्यानं हात काढून घेतला, त्यानं तो आपणहून परत रुमालाखाली घालायचा नाही. घातला तर गरज त्याची आहे हे सगळ्यांना कळतं आणि मग त्याचं कुणी ऐकत नाही. मी भर उन्हात दुपारभर समोरासमोर बसून राहिलेले दोन मालक पाहिलेत. दोघांनाही सौदा हवा होता आणि दोघांनीही हात काढलेले होते. शेवटी बैलानंच दावं तोडलं आणि दोघं मिळून त्याच्या मागं पळाले, तेव्हा कुठं बोलणं सुरू झालं.

गिऱ्हाइकं एकेक तऱ्हेची. गंगाखेडकडचा एक शेतकरी बैलाच्या कानात काहीतरी पुटपुटायचा आणि बैलानं कान हलवला तरच पुढं बोलायचा. मी बैलाच्या पलीकडच्या अंगाला उभा राहून गोमाशी बसल्यासारखी काडी टोचायचो. एकानं बैल पारखायला बायकोला आणलं होतं. सगळे हसले. बाईनं बैलाच्या नाकपुडीशी तळहात धरला, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "ह्याचा दम आतून फुटलाय." खरं होतं. मी त्या बाईंना पुन्हा बाजारात बघितलं की रस्ता बदलायचो.

वयाचं म्हणाल तर बैल दोनदाती, चारदाती, सहादाती असेपर्यंत पोरसुद्धा वय सांगेल. सगळे दात आले, म्हणजे बैल जुळला, की पुढं खरी पारख लागते. दात किती झिजले आणि शिंगावर वळ्या किती, एवढ्यावर वय ओळखायचं. आणि शिंग काचेनं तासून वर तेल चोळलं की वळ्या जातात. हे मी करत होतो. सगळे करत होते. पण सगळे म्हणजे माझा बाप नव्हे.

माझ्या बापाचं नाव सटवाजी. त्यानं तोंडात दोन बोटं घातली, जबडा वर केला आणि वय सांगितलं की ते वय. ताडकळसच्या बाजारात 'सटवाजी सांगेल ते खरं' असं मालक लोक बोलायचे. बोलायचे, पण त्याचा हात कुणी हातात घेत नसे. आमचं घर मांगवाड्यातलं. पारख बापानं करायची, कासिमचाचा नावाच्या दलालाला वय सांगायचं आणि रुमालाखाली हात जायचा तो कासिमचाचाचा. बाप दोन पावलं मागं, कासरा धरून उभा. चाचा माणूस दिलदार होता. त्यानं बापाला बोटांची सगळी बोली शिकवली. बापानं ती मला शिकवली, घरी, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याखाली. सगळी बोली येत होती त्याला. बाजारात ती बोलायला उभ्या आयुष्यात एक हात मिळाला नाही.

मला मिळाला. मी मिशनच्या शाळेत चार बुकं शिकलो, बाप्तिस्मा घेतला, गेनूचा याकोब झालो. अंगात सदरा, डोक्यावर टोपी, लांबच्या बाजारात कोण कुणाचा ते विचारायला वेळ कुणाला होता? पुढं नाव झालं तसे ताडकळसलाही सदरा-टोपीकडे बघून माझा हात धरू लागले. रुमालाखाली माझा हात गेला आणि समोरच्यानं तो धरला. पाळकसाहेबांनी विचारलं होतं, बाप्तिस्मा का घ्यायचा आहे? मी शिकवलेलं उत्तर दिलं. खरं उत्तर हे होतं, की मला हात पाहिजे होता. ही गोष्ट मी मंडळीत आजवर बोललो नाही. देवाला ती तेव्हाच माहीत असणार. तरी त्यानं आपला हात काढून घेतला नाही.

बापानं मात्र बाप्तिस्मा घेतला नाही. दर रविवारी तो शाळेच्या खोलीत यायचा, कारण आमचं देऊळ म्हणजे तीच खोली. तो दाराशी, वहाणांजवळ बसायचा. ढोलकीवर गीत सुरू झालं की ताल धरायचा, प्रवचन मन लावून ऐकायचा आणि प्रार्थना संपली की उठून जायचा. पाळकसाहेब महिन्यातून एकदा जालन्याकडून आगगाडीनं परभणीला उतरायचे आणि तिथून बैलगाडीनं आमच्याकडे यायचे. ते विचारत, सटवाजी, कधी? तो म्हणायचा, "साहेब, हात दिला की माघारी घेता येत न्हाई. अजून माझं ठरंना." पाळकसाहेब हसायचे. शमुवेल मास्तर हसायचे नाहीत. मास्तर म्हणजे मिशनच्या शाळेचे शिक्षक. पाळकसाहेब नसताना उपासना तेच चालवायचे. माणूस नेकीचा, पण नियमाला इतका धरून की देवानं नियम मोडला तर त्यालाही बाकावर उभा करतील.

आता बैल.

वालूरचे किशनराव म्हणून एक शेतकरी ताडकळसला आले होते. माझ्याजवळ एक लाल बैल होता, देखणा, आणि कासिमचाचानंतर बाप आता माझ्यामागं कासरा धरून उभा असायचा. शिंगं मी दोन दिवस आधीच तासली होती. किशनरावांनी दात पाहिले, पण त्यांची खात्री होईना. ते मागं वळून बापाला म्हणाले, "सटवाजी, तुमी सांगा. किती?"

बाप म्हणाला, "नऊ."

मी हसलो. अजून तो हसण्याचा आवाज माझ्या कानात आहे. मी म्हणालो, "म्हाताऱ्याला आता दिसत न्हाई मालक. डोळे गेलेत त्याचे. सहाचा हाय बैल." आजूबाजूचेही हसले. बापानं माझ्याकडे पाहिलं. मग हातातला कासरा खाली मातीत ठेवला, फेकला नाही, ठेवला, आणि गर्दीतून निघून गेला. किशनरावांनी रुमालाखाली माझी मूठ दाबली.

बाप पाच दिवस घरी आला नाही. बहिणीकडे गेला असेल असं आम्ही धरलं. आला तेव्हा पाय सुजलेले होते. त्यानंतर तो बाजारात कधी आला नाही आणि माझ्याशी बोलला नाही. दोन वर्षं एका घरात. काही सांगायचं असलं तर माझ्या बायकोला सांगायचा, मी समोर बसलेलो असताना. "सूनबाई, तुज्या नवऱ्याला सांग, भाकर निवायलीय." मीही तापट. मीही बायकोलाच सांगायचो, तुझ्या सासऱ्याला सांग, मला भूक नाही.

एका रविवारी उपासना झाल्यावर त्यानं पाळकसाहेबांना गाठलं आणि सांगितलं, ठरलं. पाळकसाहेबांनी पुढच्या महिन्यातला रविवार दिला. मला हे दुसऱ्यांकडून कळलं. आणि तो रविवार यायला दहा दिवस उरले असताना बापाला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. वैद्य म्हणाले, फार दिवस नाहीत.

ठरलेल्या रविवारी आम्ही त्याला बाजेसकट उचलून शाळेत नेलं. तीस-पस्तीस माणसं होती. टेबलावर पांढरी चादर, त्यावर पितळेच्या वाडग्यात पाणी. पाळकसाहेबांनी त्या दिवशी येशूच्या बाप्तिस्म्यावर सांगितलं. ते म्हणाले, येशू नदीतून वर आला तेव्हा त्यानं अजून एक आंधळा बरा केला नव्हता, एक भाकर वाटली नव्हती, काहीच काम दाखवलं नव्हतं. आणि तरीही वरून बाप म्हणाला, हा माझा लाडका लेक. आधी काम आणि मग प्रेम, असा व्यवहार देवाजवळ नाही. आधी प्रेम. पाणी त्याचीच खूण. मी बापाच्या बाजेला टेकून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, हे स्वर्गातल्या बापाचं झालं, ह्या बाजेवरच्याचं वेगळं आहे.

मग बाप्तिस्म्याची वेळ आली आणि मास्तर उभे राहिले. म्हणाले, मोठ्या माणसानं मंडळीसमोर आपल्या तोंडानं कबुली द्यायची असते. तान्ह्या लेकराची गोष्ट वेगळी. ह्यांना आपण काय विचारतो ते कळतं का, हे तरी कोण सांगणार?

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मास्तरांच्या घराण्यापर्यंत गेलो. पाळकसाहेबांनी हात वर केला तेव्हा थांबलो. मग म्हणालो, बाजारात तोंड कुणी उघडत नाही, तरी शब्द मोडत नाही. माझ्या बापाला हाताची बोली येते. हात धरून विचारा. होय असेल तर दाबेल, नसेल तर काढून घेईल.

मास्तर म्हणाले, "याकोबा, हात दाबून तुमच्या बाजारात काय काय खपतं ते गावाला ठाऊक आहे. आणि तोही डावा हात."

उजवा मेला होता, डावाच उरला होता.  पाळकसाहेब बाजेशी येऊन गुडघ्यांवर बसले आणि बापाचा डावा हात त्यांनी आपल्या हातात घेतला. बापानं तो सोडवून घेतला. नाही म्हणाला, असं सगळ्यांना वाटलं. पण तो छातीवरचं उपरणं चाचपडत होता. ते त्यानं ओढत ओढत बाजेच्या कडेवर आणलं, त्याखाली हात घातला आणि पाळकसाहेबांकडे बघत राहिला. तेव्हा मला कळलं. पन्नास वर्षं दोन पावलं मागं उभं राहून त्यानं जे बघितलं होतं ते त्याला एकदा पाहिजे होतं, रीतसर, कापडाखाली. पाळकसाहेबांनी उपरण्याखाली हात घातला.

त्यांनी विचारलं, आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या पित्यावर विश्वास ठेवतोस का? आणि म्हणाले, "दाबला." पुत्रावर? "दाबला." पवित्र आत्म्यावर? "दाबला." मास्तर हळूच म्हणाले, प्रत्येक वेळी दाबतात, ह्यात कळण्याचं काय आलं?

मग पाळकसाहेबांनी विचारलं, ज्यांनी तुझं वाईट केलं त्या सगळ्यांना तू क्षमा करतोस का?

बापानं हात बाहेर काढला.

 मास्तर सर्वांत आधी बोलले, आणि त्यांचा आवाज बदललेला होता. "साहेब, ह्यांना कळतंय." पाळकसाहेब म्हणाले, "कळतंय. कुणाला नाही करत, सटवाजी?" बापाची नजर माझ्यावर होती. सगळ्यांची नजर मग माझ्यावर आली. तेव्हापासून माना वळायला लागल्या, त्या आजतागायत.

मी बाजेशी बसलो आणि उपरण्याखाली हात घातला. काढलेला हात तो परत घालणार नाही हे मला माहीत होतं. बाजाराची रीत. त्यानं घातला. माझा सगळा पंजा धरला, सोडला, मग चार बोटं धरली. पाच आणि चार. नऊ.

मला काय मागतो आहे ते कळलं. मी त्याच्या कानाशी वाकून म्हणालो, "बा, घरी बोलू." त्यानं हात काढून घेतला. मी माझा हात तिथंच ठेवला. थोड्या वेळानं त्याचा हात परत आला. पुन्हा पाच, पुन्हा चार. मी म्हणालो, "पाळकसाहेबांच्या कानात सांगतो, बा. त्यांनी ऐकलं म्हणजे झालं की." हात पुन्हा बाहेर. आता संपलं, असं मला वाटलं. बाजारात दोनदा काढलेला हात तिसऱ्यांदा घालणारा माणूस मी पाहिलेला नाही. आणि हा मरणाच्या दारात, सगळी गरज त्याची, बाप्तिस्मा त्याचा अडलेला. पण तो हात सरपटत आला, उपरण्याखाली शिरला आणि माझ्या पंजावर येऊन बसला. पाच. चार.

मी उभा राहिलो. म्हणालो, "वालूरच्या किशनरावांना मी जो लाल बैल सहाचा म्हणून दिला, तो नऊचा होता. शिंगं मी तासली होती. माझ्या बापाचे डोळे गेले न्हाईत. ते गेलेत असं मीच बाजारात बोललो."

वाक्य एवढंच. पण तापट माणसाला, त्यातही शमुवेल मास्तरांसमोर, ते बोलायला किती वेळ लागला ते मला विचारा. खाली बसलो तर बापाचा हात अजून उपरण्याखालीच होता. त्यानं आधी माझी मूठ दाबली. मग पाळकसाहेबांच्या हातासाठी उपरणं वर केलं. पाळकसाहेबांनी शेवटचा प्रश्न पुन्हा विचारला आणि म्हणाले, "दाबला." आणि मग वाडग्यातलं पाणी घेऊन त्याच्या कपाळावर तीनदा ठेवलं. ठेवलं म्हणतो, कारण त्यांनी ते वरून ओतलं नाही. ओला हात कपाळावर टेकवला आणि प्रत्येक वेळी क्षणभर तसाच ठेवला. वाडगं धरायला मास्तर पुढं झाले होते. 

अकराव्या दिवशी बाप गेला. मिशनच्या जागेत आम्ही त्याला पुरलं. खड्डा खणायला मास्तरांनीही कुदळ घेतली.

इथपर्यंत गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, फक्त त्यातली घासाघीस गाळतात. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

महिन्याभरानं मी एक बैल घेऊन वालूरला गेलो. खरा सहाचा, शिंगांना काच न लावलेला. आपण काही मोठं करतो आहोत असं मला वाटत होतं. वाटेत दोन ठिकाणी थांबून मी लोकांना कारणही सांगितलं. किशनरावांचा लाल बैल दुसऱ्या नांगरणीलाच जुवाखाली बसला होता. मी नवा बैल त्यांच्या दावणीला बांधला आणि सगळं कबूल केलं. ते बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुजा बाप आला व्हता की."

मी म्हणालो, कधी?

"त्या बाजारानंतर. तिसऱ्या दिवशी. पायी आला व्हता, पाय सुजले व्हते लय. म्हणला, मालक, बैल नऊचा हाय, माघारी द्या, मी दुसरा आणून देतो. मी म्हणलं, म्हातारबा, तुमच्या पोरानंच सांगितलंय, तुमाला दिसत न्हाई. ओंजळीत पाणी पाजलं अन् लावून दिला."

ओंजळीत म्हणजे वरून ओतून. आम्हाला दुसरं कसं देणार.

परतीच्या वाटेवर मी कुठंच थांबलो नाही. दोन वर्षं मी समजत होतो की त्याला चारचौघांत झालेल्या अपमानाचा राग आहे. त्याच्याजवळ उभ्या आयुष्यात शब्द एवढाच होता. हात तर कुणी धरत नव्हतं. तो शब्द घेऊन तो दोन दिवस चालत गेला, आणि तो शब्द मी त्याच्या आधीच तिथं मारून ठेवला होता. घरी येऊन त्यानं हे मला सांगितलं नाही. बायकोकरवीही नाही.

मला धंदा सोडायला पुढं बरीच वर्षं लागली, हेही खरं सांगतो. फक्त काच पुन्हा हातात धरली नाही, आणि वय विचारलं की बापानं सांगितलं असतं तेच सांगायचो. गिऱ्हाईक कमी झालं, नंतर वाढलं.

तर मंडळीला माझं एवढंच म्हणणं आहे. माझ्या बापानं मोफत माफ केलं असं सांगू नका. त्यानं किंमत सांगितली आणि मी दोनदा घासाघीस करूनही ती कमी केली नाही. देवाच्या प्रेमाबद्दल सांगायचं असेल तर काढलेल्या हाताबद्दल सांगा. रीत अशी होती की काढलेला हात आपणहून परत घालायचा नाही. त्यानं तीनदा घातला, आणि वाईट त्याचं झालं होतं, माझं नव्हे. ही गोष्ट मंडळीत सांगायला सुरुवात मास्तरांनीच केली, आणि त्यांच्या गोष्टीत हे नसायचं. मास्तर आता नाहीत, पण त्यांच्यानंतर गोष्ट सांगणारेही ते गाळतात.

आणि गोष्ट सांगताना 'एक म्हातारा बैल' म्हणतात, तेही बदला. बैलाचं वय ठाऊक आहे. माझ्या बापानं सांगितलं होतं. नऊ.